मशीनचा हार

खंडेनवमी, संध्याकाळ

आज कंपनीत मशीनपूजा झाली आणि मी तोंड उघडलं नाही.

सकाळीच एचआरवाल्यांनी बोलावून सांगितलं, की वैशालीताईंचं कंत्राट आता वाढवायचं नाही. आठ वर्षं त्या माझ्या लाइनवर प्रेस मशीन चालवतात. त्यांच्या जागी ट्रेनी घेणार, स्वस्तात. "तुम्हीच सांगा त्यांना. पण आधी पूजा होऊ द्या."

होऊ दिली. ताईंनी घरून झेंडूचा हार ओवून आणला होता, बरोबर मशीनच्या मापाचा. माप कधी घेतलंत, विचारलं तर हसल्या. "आपलं मशीन हाय साहेब, त्याला टेप कशाला लागतोय?" नारळ मी फोडला. त्यांनी पेढा दिला, तोही खाल्ला.

महिनाभर ताई दोन ट्रेनींना काम शिकवतायत. शिकवा म्हणून मीच सांगितलं होतं. मला तेव्हा कुठे माहीत होतं? पण विचारलं तरी होतं का मी कुणाला?

घरी येताना द्वारका चौकात सिग्नलला अडकलो. समोर रोजगार मेळाव्याचा भलामोठा फलक. वाढतं नाशिक, नोकऱ्याच नोकऱ्या. सिग्नल सुटला तरी मी तिथेच, मागचे हॉर्न मारत होते.

डोक्यात तो हारच. शिफ्ट सुटल्यावर ताई गेटपाशी थांबून म्हणाल्या होत्या, "हार कुणी काढू नका हां. दसऱ्याची सुटी झाली की मीच येऊन उतरवते."

परवा त्यांचं कार्ड गेटवर चालणार नाही, हे मला ठाऊक होतं.

मी "बरं" म्हणालो.