प्रजाती क्रमांक एक

३ जून, सकाळी ७.१५
आज सकाळी देवाचं नाव घेत मागच्या ओल्या भिंतीपाशी तोंड धूत होतो, तेव्हा तीन गोगलगायी दिसल्या. तिन्ही वेगळ्या. नाव घेणं अर्ध्यावर राहिलं. देव समजून घेईल, दाखवल्या त्यानेच. एकीच्या शंखाला तीन वेढे, काठ कागदासारखा पातळ. दुसरीला चार वेढे. तिसरीला पाच, काठ जाड आणि बाहेर वळलेला. सव्वीस वर्षं पोस्टात पत्रांची वर्गवारी करतोय. हे मला नाही जमणार तर कोणाला?

५ जून
ग्रंथालयातून पुस्तक आणलं. वेढे मोजायचे, काठ बघायचा, प्रजाती ठरवायची. लोक सायन्सला उगाच घाबरतात. पहिलं प्रकरण नीट वाचलं. दुसरं 'वाढ' या विषयावर आहे, त्याची गरज नाही. पुढे लिहिलंय की गोगलगाय उकळत्या पाण्यात टाकून शंख रिकामा करावा. हे माझ्या हातून होणार नाही. जिवंतच ठेवून अभ्यास करणार.

८ जून
मेव्हण्याकडून माशांची जुनी टाकी आणली. एकूण एकोणीस गोगलगायी. क्रमांक एक, म्हणजे तीन वेढ्यांची: अकरा. दोन: पाच. तीन: तीन. मेव्हणा म्हणाला, भावोजी, मासे काय वाईट होते, निदान हलायचे तरी. दुर्लक्ष केलं.

१२ जून
क्रमांक एकला बायकोचं नाव देणार. नाजूक आहे, शंखातून उजेड आरपार दिसतो. बायको म्हणाली, पंचवीस वर्षांत एक फूल आणलं नाहीत आणि आता एकदम गोगलगाय. पण संध्याकाळी फोनवर बहिणीला सांगत होती, अगं, सायन्समध्ये नाव कायमचं राहतं म्हणे. आवाज वेगळाच होता. असा आवाज मी बऱ्याच वर्षांत ऐकला नव्हता.

१५ जून
बायको नवजात बाळांच्या वॉर्डात नर्स आहे. आज सगळ्या वॉर्डाला सांगून आली. आता माघार नाही.

२ जुलै
मोजणी. एक: आठ. दोन: सात. तीन: चार. क्रमांक एक कमी होतेय. रविवारी मेव्हणा आला होता. संशय घेणं वाईट. घेतला.

२० जुलै
एक: चार. माझ्या डोळ्यांदेखत एक प्रजाती नामशेष होत आहे. बायको म्हणाली, माझ्या नावाची प्रजाती मरतेय आणि तुम्ही चहा पिताय? कप खाली ठेवला. मेलेली मात्र एकही सापडत नाही आणि एकूण आकडा एकोणीसच. देवाची लीला.

२२ जुलै
बचावकार्य सुरू. क्रमांक एकला काकडी, गाजर, अंड्याच्या टरफलांचा चुरा. बायको ड्यूटीवरून येते ती चप्पल न काढता थेट टाकीपाशी. काल तिने गाजर किसून दिलं. मला कधी किसून दिलं नाही.

६ ऑगस्ट
इतकं खाऊनही फक्त एक उरली. क्रमांक तीन मात्र अकरा झाल्या. आक्रमक असाव्यात. शेवटची क्रमांक एक बरणीत हलवली. झाकणाला भोकं पाडली, घट्ट लावलं. आता कोणाची बिशाद.

१४ ऑगस्ट
बरणीत क्रमांक एक नाही. क्रमांक दोन आहे. झाकण तसंच घट्ट. ही आत कशी शिरली आणि तिने बिचारीला बाहेर कसं घालवलं, यावर स्वतंत्र पेपर होईल. रिपोर्ट चौदा पानांचा झाला.

१८ ऑगस्ट
अर्धी रजा. टाकी, बरणी, रिपोर्ट घेऊन संग्रहालयात गेलो. तिथल्या शंख-शिंपल्यांच्या विभागातल्या बाईंनी सगळी पानं वाचली, एकदाही हसल्या नाहीत. मग उठून खिडकीशी गेल्या आणि पाठमोऱ्या उभ्या राहिल्या. खांदे हलत होते. परत येऊन म्हणाल्या, काका, या तिन्ही एकच आहेत हो. लहान, मधली, मोठी. वाढते तसा शंखाला वेढा चढतो, वाढ पूर्ण झाली की काठ वळतो. कुठल्याही बागेत सापडते, नाव कधीच पडलंय. मग म्हणाल्या, पण एकोणीसच्या एकोणीस जगवल्यात, आम्हाला जमत नाही ते.
आज बायकोला सांगायचं.

१८ ऑगस्ट, संध्याकाळी
दमून आली होती. उद्या.

१९ ऑगस्ट
म्हणाली, बाळंतिणीसुद्धा विचारतात, सिस्टर, तुमची गोगलगाय कशी आहे? मी म्हटलं, बरी आहे. हे खोटं नाही. उद्या नक्की.

२१ ऑगस्ट
मुख्य सिस्टर वॉर्डातल्या बोर्डावर बायकोच्या नावासकट माहिती लावणार आहेत. चार ओळी लिहून द्या म्हणाली, पेन हातात दिलं. शाई संपलीय म्हटलं. बॉलपेन होतं.

२२ ऑगस्ट, सकाळी ८.००
देवासमोर बसलो. आज सगळं नाव घेतलं, अर्ध्यावर सोडलं नाही. मग उठून तिला सगळं सांगितलं. ती टाकीपाशी जाऊन वाकली. विचारलं, मग यातली माझी कोणती? म्हटलं, कोणतीच नाही. ती म्हणाली, रोज पंधरा बाळांची वजनं करते मी, आणि टाकीतली ही पोरं वाढताना मलाही दिसू नयेत? मग तोंडावर पदर धरला. हसत होती की काय, नीट कळलं नाही. म्हणाली, सिस्टरना मात्र तुम्हीच सांगायचं, मी नाही.

सकाळी ९.१०
फोन दोनदा उचलला, दोनदा ठेवला. तिसऱ्यांदा लावला. शोध लागलेला नाही, असं स्पष्ट सांगितलं. सिस्टर म्हणाल्या, बरं, मग बोर्डावर भेटीच्या वेळा आहेत त्याच राहू देते.