तूस, कोंडा आणि माझं व्हिजन

१८ नोव्हेंबर
हिंगणीतली ही राइस मिल बाबांनी आयुष्यभर चालवली, पण डोकं न लावता. धान भरडलं की तूस वीटभट्टीवाला फुकट नेतो. कोंडा शेतकरी आपल्या गुरांसाठी घरी नेतात. अर्धा माल डोळ्यांदेखत गेटबाहेर! आजपासून बंद. तुसाच्या जळाऊ कांड्या करणार, कोंड्याचे हेल्थ लाडू. गेटवर बोर्ड लावला : तूस-कोंडा मिलचा. बायको अन्नपूर्णा म्हणाली, "लोकायले विचारलं काय?" तिला व्हिजन नाही.

२२ नोव्हेंबर
सुलोचनाबाई बैलगाडीत धान घेऊन आल्या. बोर्ड वाचला. म्हणाल्या, "चंद्रभानभाऊ, मंग माह्या म्हशी काय बोर्ड खातीन?" गाडी वळवली. इमोशनल कस्टमर.

२६ नोव्हेंबर
तूस शेणात कालवून कांड्या वाळवल्या. आंघोळीच्या चुलीत डेमो. कांड्या पेटण्याआधीच फुटल्या. धूर मात्र प्रोफेशनल. अन्नपूर्णा खोकत अंगणात गेली, परत आली ती बादली घेऊनच, आणि सरळ चुलीत ओतली. पाणी तापलं नाही, पण तंत्र सिद्ध झालं असतं.

२ डिसेंबर
लाडू. कोंडा जरा जुना, म्हणून किंचित खवट. अन्नपूर्णाने हात लावला नाही. कुत्र्याने हुंगला आणि निघून गेला. फायबरबद्दल जागृती कमी.

९ डिसेंबर
तुसाचा ढीग शेडच्या पत्र्याला टेकला. काल वारं सुटलं, शेजाऱ्यांच्या धुण्यावर सगळं तूस. बरंच बोलले. वीटभट्टीवाल्याला मोठ्या मनाने फोन केला, घेऊन जा. तो म्हणाला, "आता सेलूच्या मिलमधून आणतो, भाऊ."

१५ डिसेंबर
ऐन हंगामात मिल शांत. मशीनला ग्रीस लावलं. सासऱ्यांचं धानही सेलूला गेलं म्हणे. तिकडचं मशीन जुनं आहे. पस्तावतील.

२३ डिसेंबर
घरातला तांदूळ संपला. सेलूला गेलो, तोंडाला दुपट्टा बांधून. किराणावाल्याने तरी ओळखलं. "भाऊ, तुमी अन् तांदूळ घेऊन राह्यले?" म्हणालो, मार्केट सर्व्हे आहे. तो म्हणाला, "मंग पाच किलोत होऊन जाईन."

थैलीतला तांदूळ डब्यात मीच ओतला. थैली घडी करून खिशात.
भात मोकळा झाला. दोनदा वाढून घेतला. अन्नपूर्णाने विचारलं, "कोन्या मिलचा हाय?"
म्हणालो, थैलीवर काय लिहिलं होतं ते वाचलं नाही.
वाचलं होतं.