नवा झाला का?

१२ सप्टेंबर, शुक्र.
आई आज तीन चमचे पेज. चौथ्याला तोंड फिरवलं. मी चिडले, चमचा वाटीत आपटला. मग लाज वाटली म्हणून तिची वेणी घातली. वेणी कसली, करंगळीएवढी. ऑफिसात पाऊण तास उशिरा. साहेबांनी घड्याळाकडे बघितलं.

१५ सप्टें., सोम.
डॉ.कडे. वजन चौतीस. खुब्याचं हाड जुळतंय, वॉकर धरून संडासपर्यंत जाते, तिथवर सगळं ठीक. "पोटात अन्नच नाही तर माझ्या गोळ्या काय करणार? त्यांना आवडेल ते द्या." आवडेल ते! पडली तेव्हापासून, दीड महिना तेच विचारतेय. तिचं उत्तर एकच, "घरी चल." घर म्हणजे सूर्यमाळच्या वरचा आमचा पाडा, जिथं धाकटा भाऊ काशी शेती बघतो. जव्हारचं माझं घर तिच्या लेखी दवाखान्याचीच एक खोली.
हे म्हणाले, "तू आईला फाईल समजतेस. रोज पुढे सरकलीच पाहिजे." संध्याकाळी त्यांना चहा दिला नाही. म्हणजे दिला, पण उशिरा.

२० सप्टें., शनि.
बाजारात डोंगरावरची काकडी आली, जाड आणि पिवळट. दोन आणल्या. किसून तांदळाच्या पिठात कालवल्या आणि पानात गुंडाळून उकडल्या. आईच्या हातच्या सावेल्या जशा असायच्या तशा, निदान दिसायला. वास सुटला तशी आई आपण होऊन उठून बसली. मला वाटलं, सापडलं औषध.
तुकडा ओठाशी नेला तर तिनं माझं मनगट धरलं.
"आपला नवा झाला का?"
विसरलेच होते मी. शेतातलं नवं दिवाळीच्या तोंडावर, वाघबारशीला, आधी देवाला, तेही घरातल्या मोठ्या माणसाच्या हातून. तोवर कोणी तोंडात घालायचं नाही. बाबा गेल्यापासून ते आईच करते. वाघबारशीला अजून महिना आहे. महिनाभर ही पेजेच्या तीन चमच्यांवर कशी काढणार?
"झाला," म्हटलं. "तू आजारी ना, म्हणून काशीनं लवकर केला यंदा."
"काशीनं?"
"हो."
दोन सावेल्या खाल्ल्या. दोन! वर अर्धी वाटी ताक. मी मोरीत जाऊन रडले, आनंदानंच. आणि थोडं…

२८ सप्टें., रवि.
रोज खातेय. चवळीच्या शेंगा, काकडी, काल नाचणीची अर्धी भाकरी दुधात कुस्करून. घरच्या काट्यावर छत्तीस. शेजारच्या वहिनी म्हणाल्या, "आजी उजळल्या हो." मी अशी हसले, जणू मीच उजळवलं.
पण रोज सकाळी उलटतपासणी. काशीनं वाघदेवाजवळ नारळ फोडला का? शेंदूर लावला का? मी रोज थोडं थोडं रचून सांगते. कालचं आज जुळायला हवं म्हणून मागच्या पानावर टिपून ठेवलंय. नारळ एक, शेंदूर हो, सोबत काशीची बायको. सरकारी नोकरीत इतकी वर्षं काढली, कागद नीट ठेवायची सवय उपयोगाला आली म्हणायची.

२ ऑक्टो., गुरू., दसरा
आईला जुनं आठवत होतं. मी सात वर्षांची असताना वेलावरची काकडी चोरून खाल्ली होती, नवा व्हायच्या आधी. तिनं निरगुडीच्या शिंपटीनं पोटऱ्या सोलल्या होत्या. मार मला आठवतो. तिनं पुढचं सांगितलं ते आज पहिल्यांदा ऐकलं.
"मी पण जेवली नाय त्या दिशी. देवाला बोलली, पोर हाय, तिच्यावरचा कोप माझ्यावर घाल."
एवढं बोलून तिनं मी कापलेली काकडी खाल्ली. मी तिच्याकडे बघू शकले नाही.

५ ऑक्टो., रवि.
काशीला सांगून ठेवायला हवं. धाकटा भाऊ, समजून घेईल. फोन लावला, पाड्यावर रेंज नाही. परत लावते म्हटलं.

११ ऑक्टो., शनि.
परत लावला नाही. लावणार होते. मीच शेण खाल्लं.
दुपारी काशी आला. पाटीत घरच्या वेलाची काकडी, नाचणीची चार कणसं. आईच्या पाया पडला आणि म्हणाला, "आये, शुक्करवारी वाघबारस. तुझ्याबिगर नवा कसा करू? काकडीवर हात तरी ठेव, मंग मी करतो."
मी ताटली घेऊन दारात उभी, ताटलीत चवळीच्या शेंगा.
आईनं पाटीकडे बघितलं, मग माझ्याकडे. ओरडली असती तर बरं झालं असतं. भिंतीकडे तोंड करून आडवी झाली.
काशीला चहा घेताना सगळं सांगितलं. "बाय, मना काय ठाऊक?" म्हणाला. त्याचा काय दोष. कप तसाच ठेवून गेला.

१२ ऑक्टो., रवि.
काही नाही. पाणी फक्त. पेज केली, गेल्या वर्षीच्या तांदळाची. "आई, हा जुना तांदूळ आहे गं."
"तू सांगतेस."
दोनच शब्द. वाटी परत नेली.

१३ ऑक्टो., सोम.
सी.एल. टाकली. आई रडली. आवाज नाही, नुसतं पाणी.
"पोरीला मारला यासाठी. आन आता मीच खाल्ला."
काशीच्या मुलीला खोकला झालाय, तो ह्यामुळेच, असं तिच्या मनानं घेतलंय. मी समजवायला गेले की असं काही होत नसतं.
"तुला नाय होत. मना होतं."
खरंय. मी वीस वर्षं नवंजुनं बघितलं नाही, माझं काही वाकडं झालं नाही. म्हणून वाटलं, तिचंही होणार नाही. तिच्या भल्यासाठी केलं म्हणते, पण खरं सांगायचं तर तिच्या न खाण्याचा मला कंटाळा आला होता. तिनं खाल्लं की माझी सुटका होत होती.

१४ ऑक्टो., मंगळ.
दोन घोट साखरपाणी. तेही ह्यांनी दिलं तेव्हा.
डॉ. म्हणाले, घाटातून नेऊ नका, हाडाला हिसका बसेल. पण उपाशी ठेवलंत तर आठवड्यात सलाईनवर घ्यावं लागेल. म्हणजे इकडे आड, तिकडे विहीर. हे एवढंच म्हणाले, "जाऊ या. गाडी मी बघतो." हे मागे फाईलवरून बोलले ते माफ.

१६ ऑक्टो., गुरू.
बांधाबांध. चार उशा, वॉकर, भांडं, रबरी चादर, गोळ्या. आईला सांगितलं, उद्या घरी जायचं. तिनं ह्यांच्याकडे बघितलं. ह्यांनी मान हलवल्यावर मग तिला पटलं.

१७ ऑक्टो., शुक्र., वाघबारस. पाडा.
गाडी बैलगाडीच्या चालीनं आणली. मोखाडा मागे पडल्यावर आई ताठ बसून वळणं सांगायला लागली. प्रत्येक खड्ड्याला माझा जीव खाली-वर, तिचा नाही.
काशीनं तिला पाठुंगळीला घेऊन वाघदेवापर्यंत नेलं. काकडी तिनंच कापली. काशी हात धरायला गेला तर त्याला झटकलं. फोड ठेवली, शेंदूर लावला, मग बराच वेळ पुटपुटत राहिली. माझं नाव दोनदा ऐकू आलं. तक्रार की माफी, कळलं नाही. विचारायची हिंमत झाली नाही.
घरी आल्यावर अगदी गळून गेली, डोळे मिटलेले. मी चुलीवर सावेल्या उकडल्या, फुंकर मारून तुकडा ओठाशी नेला.
तिनं मनगट धरलं. बोटांवर तिच्याच हातचा शेंदूर अजून ओला.
"नवा झाला का?"
"झाला, आई. तूच केलास ना आत्ता."
तिनं माझ्याकडे बघितलं. किती वेळ कोण जाणे, माझा हात दुखायला लागला. मग माझ्या खांद्यावरून पलीकडे बघत म्हणाली, "काशी, झाला का रे?"
"झाला, आये."
तेव्हा तोंड उघडलं. तेही त्याच्या हातून. दीड सावेली खाल्ली.
मी भांडी घासली. खूप घासली. ती जेवली ह्याचा आनंद आहे, खोटं नाही लिहीत.
काशी उजाडायच्या आत भात कापायला जाणार. त्याची बायकोपण. हे गाडी घेऊन परत. माझी रजा सोमवारपर्यंत.
दोन सावेल्या झाकून ठेवल्यात. सकाळचा घास मलाच भरवायचा आहे.