थांब, थांब, थांब

लातूर, रविवार, दिवेलागणीला

सूनबाई म्हणते, "आत्याबाई, माहेरच्या पेटीतल्या त्या काळ्या ताटल्या भंगारात देऊ का?" ताटल्या म्हणे! आधी तुझी अक्कल दे, म्हणलं.

मग नात ऋतुजानं मैत्रिणीकडून तबकड्या वाजवायचं मशीन आणलं नि त्यातली एक गाण्याची तबकडी लावली. आधी मोहरीसारखी तडतड झाली. मग ती बाई गायला लागली आणि माझ्या हातातली मेथीची जुडी हातातच राहिली. 'थांब' शब्दावर सुई अडकली. थांब, थांब, थांब. मी बी संगं तीनदा म्हणलं. मला गाणं तसंच पाठ हाय.

ऋतुजा हसून राहिली. "आजी, खऱ्या गाण्यात एकदाच आहे." मोबाईलवर ऐकवलं. खरंच एकदाच. लई बेचव लागलं.

तबकडीवरचा तो ओरखडा माझ्या नावावर हाय. लहानपणी धाकट्या बहिणीनं, सुभद्रानं सुई ओढली अन् वडलांनी, अण्णांनी, धपाटा मला घातला. मशीनला हात लावायचा न्हाई, म्हणाले. ते लावायचे, मी चुलीपासून ऐकायची. लग्नानंतर रेडिओचा कान सुद्धा पिळला न्हाई मी. गाणं आपल्यासाठी नसतंच, असं धरून बसले. येडीच की मी?

आज तबकडी सहादा लावली, माझ्या हातानं. भाकरी उशिरा झाल्या, होऊ द्या.

उद्या हदगावला सुभद्राला फोन. आधी तिला तीन थांब ऐकवायचे, मग विचारायचं, सुई कोणी ओढली. उत्तर तिनंच द्यायचं. तिनं तिच्या सुनेच्या हाती फोन द्यायचा न्हाई.