नसलेली मावशी

४ ऑगस्ट

ती. मामास,
सा. न. वि. वि.

व्हिडिओवरून गुंतवणुकीचा सल्ला देणाऱ्यांना परवाना सक्तीचा करावा का, यावर सरकारी सुनावणी आहे. विद्यार्थीही बोलणार, आणि आमच्या कॉलेजातून मी! आम्ही विरोधात. तयारी बाहेरचे एक सर करून घेतात, फार गोड बोलतात. भाषण सोबत जोडलंय. चुका काढ, पण नाक मुरडू नकोस.

लोभ आहेच, तो ओरडतानाही असू दे.
तुझी टकळी

९ ऑगस्ट

चि. टकळीस,
अ. उ. आ.

‘माझी मावशी व्हिडिओ पाहून गुंतवणूक शिकली आणि तिने शिवणवर्ग काढला’ हे वाचून मी चष्मा पुसला. अगं, तुझी मावशी म्हणजे माझी बहीण. आणि मला बहीण एकच, तुझी आई! दुसरी कधी झाली ते घरात मला कुणी सांगितलं नाही.

ही मावशी कुणी आणून दिली? सभागृहाचं भाडं, तुमचा चहा, जायची गाडी, हे सगळं कुणाच्या खिशातून? बँकेत तक्रारींच्या टेबलावर माझी हयात गेली. फसलेला जो तो हेच सांगायचा, की माणूस फार गोड बोलायचा.

आईला जप.
तुझा संशयी मामा

२१ ऑगस्ट

ती. मामास,
सा. न. वि. वि.

तुला कोरड्या भिंतीतही पाणी मुरताना दिसतं, म्हणून रागावले होते. तरी सरांना विचारलं. ते हसून म्हणाले की खर्च व्हिडिओवरून सल्ला देणारी एक कंपनी करते, आणि मावशी काय, नुसतं उदाहरण. मला पटलं. पटवून घेतलं म्हण.

सुनावणीत माझ्याआधी दुसऱ्या कॉलेजची एक उंच मुलगी उठली. तिचीही मावशी! तोच शिवणवर्ग, त्याच वाक्यावर गिळलेला आवंढा. सर मान डोलवत होते. माझं नाव पुकारलं तेव्हा मी सांगून टाकलं, की हीच मावशी माझ्याही भाषणात आहे आणि मला मावशीच नाही. सगळे हसले. अध्यक्षबाई हसल्या नाहीत. आणखी कुणाकुणाची आहे, असं त्यांनी विचारलं. मागून तीन हात वर आले.

बाईंनी सगळ्याच विद्यार्थ्यांची मतं बाजूला ठेवली. मनापासून बोललेलेही त्यात गेले. कॉलेजात अर्धे जण माझ्याशी बोलत नाहीत. आणि मामा, आता तुझाही संशय येतो. तू बाईंना आधी काही कळवलं होतंस का?

उत्तर खरं दे, मग लोभाचं बघू.
टकळी

२६ ऑगस्ट

चि. टकळीस,
अ. उ. आ.

नाही कळवलं. प्रश्न झोंबला, पण विचारलास ते बरं केलंस. मलाही पारखून घे: मला हा नियम हवा आहे, आणि माझं पेन्शन बँकेचं. व्हिडिओवाले गेले तर लोक सल्ल्याला बँकेतच येणार. बाईंकडे पुन्हा वेळ माग. या वेळी भाषण मला दाखवू नकोस.

मामा

८ सप्टेंबर

ती. मामास,
सा. न. वि. वि.

उंच मुलगी आणि मी बाईंच्या दाराशी बसून राहिलो. शेवटी त्यांनी आत घेतलं. ती नियमाच्या विरोधातच बोलली, या खेपेला स्वतःच्या शब्दांत. मी म्हणाले, परवाना हवा, पण सल्ला देण्याआधी आपल्याला कोण पैसे देतं हे सांगायची सक्ती बँकेतल्या माणसांनाही हवी. बाईंनी ते लिहून घेतलं.

तुझे बँकेतले जुने सोबती विचारतील, ही कुणाची भाची. तेव्हा मागे सरू नकोस. माया आहे तेवढीच ठेव.

तुझी टकळी