चप्पल नागोजीची, पाय कुणाचा?

११ नोव्हेंबर २०२५, मंगळवार

१. ऑगस्टमध्ये निपाणीतल्या एका तंबाखूच्या वखारीत राखणदार भावकू याच्या डोक्यात रात्री कुणीतरी लोखंडी गज घातला. तो वाचला. पण अजून बोलत नाही, माणसं ओळखत नाही.

२. नवा कायदा आल्यापासून असल्या गुन्ह्यात पुरावे गोळा करायला आम्हा न्यायवैद्यक प्रयोगशाळेतल्यांपैकी कुणाला तरी जावंच लागतं. मी गेले. भावकूच्या खाटेजवळ तंबाखूच्या धुळीत चपलेचा एक ठसा होता. उजव्या पायाचा, स्पष्ट. फोटो काढले, ठसा उचलला.

३. ती चप्पल मागच्या दाराशी इतर चपलांत सापडली. निळी, रबरी. अंगठ्याचा पट्टा तुटलेला, तळाकडून खिळा घालून अडकवलेला. वखारीतला हमाल नागोजी म्हणाला, "माझीच हाय." त्याला त्याच दिवशी अटक झाली. त्या रात्री तो पिऊन वखारीच्या मागं पडला होता. त्याला काही आठवत नाही.

४. ठसा आणि चप्पल मी ताडून पाहिले. खिळ्याचं डोकं, टाचेची झीज, कडेची चीर – तिन्ही जुळतात. शंका नाही.

५. रिपोर्टात शेवटी मी दोन वाक्यं लिहिली. पहिलं : ठसा याच चपलेचा आहे. दुसरं : ठसा उमटला तेव्हा ही चप्पल कुणाच्या पायात होती, हे या तपासणीवरून सांगता येत नाही.

६. काल दोषारोपपत्र कोर्टात गेलं. आज ऑफिसची प्रत पाहिली. दुसरं वाक्य नाही.

७. सही माझ्या वरिष्ठांची, रचना मॅडमची. "तपासणी" या शब्दापुढं माझं नाव.

आज एवढंच.

१२ नोव्हेंबर, बुधवार

आधी स्वतःवर संशय घेतला. मीच जुना मसुदा पाठवला असेल. नाही. माझ्या मसुद्यात वाक्य आहे. तिच्या प्रतीत नाही. मध्ये तिसरं कुणी नाही.

रचनाआक्का. ऑफिसात मॅडम, बाहेर आक्का. शहापुरात तिच्या घरी मी किती वेळा जेवले. शेजारी माग चालू असायचा, आणि त्या खडखडाटात ती मला शिकवायची – ठसा काय बोलतो, काय बोलत नाही. "जेवढं दिसलं तेवढंच लिहायचं गं. आणि जे दिसत न्हाय, तेही लिहायचं." हे तिचंच.

गेल्या उन्हाळ्यात आम्ही दोघींनी अभ्यास केला तोही याचाच. आपल्याकडं चप्पल दारात राहते. परसात जायचं, नळावर जायचं, दळण आणायचं – पायाला जी लागेल ती. कुणी कुणाला विचारत नाही. मी निपाणीत तीसेक घरांच्या आणि चार वखारींच्या दाराशी बसून नोंदी केल्या. आई म्हणाली होती, "एवढं शिकून हेच व्हय? दुसऱ्याच्या दारात बसून चपला मोजायच्या? सरकार पगार देतंय ह्याला?" अप्पा हसून हसून खोकायला लागले.

निघालं ते असं : मागच्या दारानं बाहेर पडणाऱ्या दहाजणांत चारजण दुसऱ्याची चप्पल घालतात. वखारीत तर निम्मे. बाहेरच्या देशांतले लोक डीएनएबद्दल, कपड्यांच्या धाग्यांबद्दल गेली काही वर्षं हेच सांगताहेत – वस्तू कुणाची हा एक प्रश्न, ती घेऊन कुणी काय केलं हा दुसरा. पहिल्याचं उत्तर दुसऱ्याला चिकटवू नये. त्यांच्याकडं बूट ज्याचा त्याच्याच पायात असतो. आपल्याकडं तेही नाही. म्हणून तर अभ्यास करायचा!

आणखी एक गोष्ट. वखारीत माल पसरलेला असतो तिथं कुणी चप्पल घालून जात नाही. बाहेर काढतात. ज्यावर पोट चालतं त्यावर पायताण घेऊन जायचं नाही. ठसा तिथलाच होता, आणि नागोजी वखारीत वीसेक वर्षं आहे. पण प्यायलेला माणूस विसरू शकतो. म्हणून हे मी रिपोर्टात घातलं नाही. तो माझ्या कामाचा भाग नाही.

दुसरं वाक्य मात्र माझ्या कामाचा भाग होतं.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

विचारलं.

तिच्या खोलीत चहा आला होता. दार लावून घेतलं.

"दुसरं वाक्य काढलंय, मॅडम."

"व्हय. मीच काढलं." लगेच. मला वाटलं होतं, आधी "कुठलं गं?" म्हणेल.

"का?"

"सरकारी वकिलांचा फोन आलता. म्हणाले, हे वाक्य म्हणजे आरोपीच्या वकिलाच्या ताटात आयता घास."

"पण ते खरं आहे."

"खोटं कोण म्हणतंय?"

"मग?"

"अगं, लपवलंय कुठं? कोर्टात कुणी विचारलं तर सांगू की. तूच सांग. ताठ मानेनं सांग."

"आणि विचारलं नाही तर?"

तिनं बिस्कीट चहात बुडवलं. "तर न्हाय विचारलं."

"नागोजीला वकील सरकारनं दिलाय. त्याला हे सुचेल?"

"त्ये त्याचं काम."

मी उठले. कप धुऊन जागेवर ठेवला.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

पिरनवाडीच्या खोलीवर लवकर आले. भात केला. खाल्ला नाही.

१५ नोव्हेंबर, शनिवार

निपाणी. आमच्या गल्लीच्या तोंडाशी गुणाबाई भेटली – नागोजीची आई. त्याच वखारीत तंबाखू निवडते. ऑगस्टमध्ये मी ठसा उचलत होते तेव्हा दाराशी उभी होती. मला लहानपणापासून ओळखते.

"त्रिशला, तूच गं त्यो ठसा काढलीस?"

"व्हय."

"त्याचाच व्हता?"

काय सांगू? केस कोर्टात आहे. मी बोलू शकत नाही. बोलूही नये.

"मावशी, मला यावर बोलता येत न्हाय."

"बोलू नगंस. एवढंच सांग. त्याचाच व्हता का न्हवं?"

मी म्हणाले, "चप्पल त्याची होती."

पहिलं वाक्य! मीही पहिलंच वाक्य सांगितलं आणि थांबले. दुसरं तोंडात होतं. मागून आईनं हाक मारली आणि मी वळले.

गुणाबाई मागं म्हणाली, "बरं, बरं. तू तुझं काम केलीस. माझ्या मनात काय न्हाय."

१६ नोव्हेंबर, रविवार

आई अप्पांची चप्पल घालून देवळात गेली. अप्पा दारात उभे. "माझी कुठाय?" मग आईची घातली, टाच बाहेर, आणि दुकानाकडं गेले. कुणालाच काही वाटलं नाही.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

लेखी विचारलं. ऑफिसच्या ईमेलवर. अंतिम रिपोर्टातून एक निष्कर्ष वगळला गेला आहे, पूरक रिपोर्ट पाठवावा, अशी विनंती. दोन ओळी. विशेषण एकही नाही.

उत्तर ईमेलवर नाही आलं. खोलीत बोलावून आलं.

"लेखी कशाला गं? मी काय परकी हाय?"

मी उभीच राहिले.

"धारवाडच्या परिषदेत आपला पेपर हाय शनिवारी. तुझं नाव दुसरं घातलंय. त्ये बघ आधी."

मागं एकदा मी परीक्षेत नापास होता होता वाचले तेव्हाही ती याच आवाजात बोलली होती. तेव्हा मला ती माया वाटली होती. आज फक्त आवाज ऐकला.

१९ नोव्हेंबर, बुधवार

ईमेलला उत्तर नाही.

२२ नोव्हेंबर, शनिवार

धारवाड.

मोठा हॉल. पोलीस अधिकारी, वकील, न्यायवैद्यकाचे विद्यार्थी. रचनाआक्का छान बोलली. खरंच छान बोलते ती. सुरुवातीलाच पडद्यावर आमच्या घराच्या दाराचा फोटो – अप्पांची, आईची, माझी, शेजारच्यांची चप्पल. "यातली कोण कुणाची, हे घरच्यांनाही विचारून सांगावं लागतं," ती म्हणाली. सगळे हसले.

मग आकडे. मग वखारी. मग शेवटची स्लाइड. त्यावर एकच वाक्य, मोठ्या अक्षरात :

ठसा उमटला तेव्हा ही चप्पल कुणाच्या पायात होती, हे या तपासणीवरून सांगता येत नाही.

माझं वाक्य. शब्द न् शब्द. "भारतात पायताणाच्या प्रत्येक रिपोर्टात हे वाक्य असलंच पाहिजे," ती म्हणाली. टाळ्या!

प्रश्नोत्तरांत मागच्या रांगेतून एक विद्यार्थिनी उठली. "मॅडम, खऱ्या केसमध्ये तुम्ही लिहिता हे?"

"नेहमी," रचनाआक्का म्हणाली.

तिनं माझ्याकडं पाहिलंसुद्धा नाही. पाहिलं असतं तर निदान तिला लाज वाटते एवढं तरी कळलं असतं.

परतताना तिच्याच गाडीत. बसनं येते म्हणाले, पण तिनं दार उघडून धरलं होतं आणि तिच्याबरोबरचे लोक बघत होते. कित्तूर मागं पडलं. मग ती म्हणाली, "रागावलीस व्हय गं?"

"नाही."

"मग तोंड असं का?"

"असंच आहे."

थोड्या वेळानं तिनं चिकोडीची केस काढली. मी रुजू व्हायच्या आधीची, एका बाईला घरात शिरून मारल्याची. तिनं तेव्हा असलंच वाक्य लिहिलं होतं. आरोपी सुटला. परत त्याच बाईच्या घरात शिरला. "ती आता काठीशिवाय चालत न्हाय. मी बघून आले तिला. तिनं मला विचारलं, मॅडम, तुम्हाला ठाऊक व्हतं ना त्योच हाय म्हणून? काय सांगू मी तिला? टक्केवारी?"

स्टिअरिंगवरची तिची बोटं पांढरी झाली होती. ती खोटं बोलत नव्हती.

"आक्का, त्या केसमध्ये बाकीचा तपास कच्चा होता. वाक्य चूक नव्हतं."

"वाक्य कधीच चूक नसतं गं. माणसं मरतात."

"नागोजीही माणूस आहे."

"त्यानंच केलं असंल, त्रिशला. तू उगा त्रास करून घेऊ नकोस. शंभरात ऐंशी वेळा ज्याची चप्पल त्योच असतो."

"आपल्या अभ्यासात वखारीत निम्मे निघाले. तुम्ही आत्ताच पडद्यावर दाखवलंत."

पिरनवाडीच्या फाट्यावर मी उतरले. "जेवून जा की घरी," ती म्हणाली. मी नको म्हणाले. तिनं काच वर केली.

काय दुखतंय ते नीट लिहावं. तिनं मला फसवलं हे नाही. पोलिसांनी, वकिलांनी दाबलं असतं तर मला समजलं असतं. ती घाबरली असती तरी. पण ती घाबरलेली नाही. तिला खरं काय ते माहीत आहे, तिनंच ते मला शिकवलं, आणि ते कुठं बोलायचं आणि कुठं नाही हे तिनं थंड डोक्यानं ठरवलं. हॉलमध्ये बोलायचं, कोर्टात नाही. जिथं टाळ्या आहेत तिथं. जिथं एक माणूस आत आहे तिथं नाही.

२३ नोव्हेंबर, रविवार

निपाणी. गुणाबाई घरी आली. आईनं तिला आत बसवलं, पाणी दिलं. ती माझ्याकडं बघत नव्हती, जमिनीकडं बोलत होती.

कोर्टात नागोजीला केसचे कागद मिळाले. तुरुंगातल्या एका शिकलेल्या माणसानं त्याला आमचा रिपोर्ट वाचून दाखवला. काल ती भेटायला गेली होती. तीन महिने तो म्हणत होता, मी केलं नाही. काल म्हणाला, "आई, मला आठवत न्हाय. पर शास्त्रानं लिवलंय. शास्त्राला माझ्याशी काय वैर? मीच मारलो आसणार भावकूला. पिऊन." मग रडला. भावकूची माफी मागायची म्हणाला. शुक्रवारी कोर्टात उभं करतील तेव्हा "व्हय, मीच" म्हणणार.

गुणाबाई म्हणाली, "मीबी म्हटलं, आसंल बाबा. त्रिशलानं बघितलंय म्हंजे आसंलच."

आईनं माझ्याकडं पाहिलं.

खोट्या किंवा अर्ध्या पुराव्यापुढं माणूस स्वतःच्या आठवणीवर कसा संशय घेऊ लागतो, न केलेला गुन्हा कसा आपलासा करतो, यावर प्रयोग झाले आहेत. मी वाचलेत. त्यांत विद्यार्थी असतात, तासाभरानं त्यांना खरं काय ते सांगून घरी पाठवतात.

नागोजीला अजून कुणी सांगितलेलं नाही.

२४ नोव्हेंबर, सोमवार

आज सकाळी पाठवलं. इथं तसंच उतरवते.

मॅडम,
नागोजी शुक्रवारी, २८ तारखेला, कोर्टात गुन्हा कबूल करणार आहे. त्याला आठवत नाही. आपला रिपोर्ट ऐकून तो स्वतःला गुन्हेगार समजतो आहे. दोन्ही वाक्यं असलेला पूरक रिपोर्ट सोबत जोडला आहे. माझी सही केली आहे, तुमची जागा रिकामी आहे. तुम्ही सही करणार नसाल तर मी तो एकटीच्या सहीनं कोर्टाला आणि नागोजीच्या वकिलांना देईन, आणि विचारलं तर आधीचं वाक्य कुणी काढलं तेही सांगेन.
बुधवारी, २६ नोव्हेंबरला, संध्याकाळी पाचपर्यंत उत्तर द्या.
त्रिशला