धायरीचं हुंदडघर

ती. सौ. पद्मजावहिनींस,

मंदाकिनीचा वाकून नमस्कार (गुडघे वाकू देतील तेवढाच). दादाची शुगर आटोक्यात असेल आणि तुम्ही त्याला लाडानं आंबा वाढत नसाल, असं धरून चालते. इकडे सगळं ठीक. म्हणजे तुमच्या धाकट्या बहिणीचं, हेमाचं ठीक, माझं विचारू नका. फोन न करता पत्र लिहितेय, कारण हेमाचं नाव काढलं की तुम्हाला फोनवर लगेच ऐकू येईनासं होतं.

तर हेमानं धायरीत मुलांसाठी केंद्र काढलंय, हे तुम्हाला माहीत असणारच. (मला पेपरात तिचा फोटो आल्यावर कळलं. एका गावात राहून!) नाव काय, तर हुंदडघर. तिथे वर्ग नाहीत, तास नाहीत, बाई नाहीत. काय खेळायचं ते मुलंच ठरवतात आणि त्यातूनच म्हणे शिकतात. मोठ्यांनी विचारल्याशिवाय तोंड उघडायचं नाही. वहिनी, सदाशिव पेठेत मी उभी हयात शिशुवर्ग चालवला, अर्ध्या पेठेला अ आ इ ई गिरवायला लावलं, आणि यंदा जूनमध्ये माझ्याकडे एक मूल आलं नाही. एकसुद्धा! सतरंज्या झटकून माळ्यावर टाकल्या. आणि माझा सख्खा नातू अनंत, सिंहगड रोडच्या त्या गर्दीतून रोज हेमाकडे जातो आणि रविवारी सुट्टी का म्हणून भोकाड पसरतो. माझ्याकडे मुलं यायच्या वेळी रडायची. जळफळाट होणार नाही तर काय होईल?

म्हणून परवा अनंतला सोडायच्या निमित्तानं गेले ती तिथेच बसले. (हेमा "बसा ना मंदाताई" म्हणाली. गोड बोलण्यात तिचा हात कुणी धरणार नाही.) काय सांगू! एक जण खिळे ठोकतोय, दोघी चिखलात बरबटल्यात, आणि शकू नावाची गावातली एक मुलगी टेबलाखाली नुसती पडलीय. ही काय शिकतेय, असं विचारलं तर हेमा म्हणते, तिलाच विचारा. विचारलं. "पडलेय," शकू म्हणाली. मी तरी किती गप्प बसणार? हेमा पोहे परतायला आत गेली (मीठ कमी होतं), आणि माझ्या तोंडून सुटलंच, "हाताची घडी, तोंडावर बोट!"

सगळं चिडीचूप. मनात म्हटलं, बघ हेमा, याला म्हणतात शाळा! ओळीत बसवलं, हजेरी घेतली, चुळबुळ करणाऱ्याला कोपऱ्यात उभं केलं. तर तोंडावर बोट ठेवूनच सगळे हळूहळू चुळबुळायला लागले. वहिनी, कोपऱ्यात उभं राहायला रांग लागली हो! "आता माझा नंबर, आता माझा नंबर!" माझ्या जन्मभराच्या शिस्तीचा कार्ट्यांनी खेळ करून टाकला. मग शकू बाई झाली, आणि मी मध्ये बोलते म्हणून तिनं मलाच कोपऱ्यात धाडलं. हेमा कढई घेऊन दारात उभी. हसत होती, पण एक अक्षर बोलली नाही. बोलली असती तर भांडता तरी आलं असतं.

खरं सांगू? मला तिचा हेवा वाटतो, पोटात दुखेपर्यंत. घरी आले आणि जेवणसुद्धा गेलं नाही. सकाळी आमची पुढची खोली इतकी रिकामी असते की मी उगाच दोनदा झाडते. असो. दादाला जपा.

आपली नणंद,
मंदाकिनी

ता. क. हेमाच्या कानावर सहज घाला, की हाताशी एखादं अनुभवी माणूस असलेलं बरं. नाव तिनं सुचवायला हवं. मी सांगितलं म्हणून बोललात तर दिवाळीला तुमच्याकडे येणार नाही.

ता. क. २. पाकीट चिकटवायच्या आत हेमाचाच फोन. नाक वर करून अटी घालायची संधीही ठेवली नाही बयेनं! हुंदडघरात कुणाला घ्यायचं ते मुलांच्या सभेत ठरतं, तिथे हेमालाही एकच मत. तर मला घ्यायचं ठरलंय. 'शाळा-शाळा' रोज होणार आहे. पण बाई आळीपाळीनं व्हायचं आणि नवीन माणसाचा नंबर सगळ्यांच्या शेवटी. माझा पुढच्या महिन्यात कधीतरी लागेल. मी साडी आजच इस्त्रीला टाकली.